इसबावर झिंक पेस्टची पट्टी: घरी नीट कशी बांधायची?

मुग्धा_लेस्टर
नमस्कार मंडळी, मुलगा ६ वर्षांचा आहे, तान्हा असल्यापासून इसब आहे आणि आता घोट्यांजवळची आणि गुडघ्यामागची कातडी जाड काळपट झालीय, रात्री झोपेत इतका खाजवतो की सकाळी चादरीवर रक्ताचे डाग असतात. इथल्या स्किन नर्सने झिंक आणि इक्थॅमॉल (डांबरासारखं काळपट औषध) यांच्या पेस्टवाल्या पट्ट्या दिल्यात, रात्रभर बांधून ठेवायच्या. तिने करून दाखवलं तेव्हा सोपं वाटलं, पण मी बांधली की सकाळपर्यंत घट्ट होऊन पायावर वळ उठतात आणि त्या डांबरासारख्या वासाने तो रडतो ते वेगळंच. स्टेरॉइडचं मलम पट्टीच्या आत, कातडीवर लावायचं का? सासूबाई फोनवर म्हणतात उघडं ठेव, हवा लागू दे.

क्रॉयडनची_आई
मुग्धा, ही पट्टी वाळताना आकसते, म्हणून क्रेप बँडेजसारखी गोल गोल गुंडाळत न्यायची नाही. पायाभोवती एक वेढा झाला की पट्टी दुमडून उलट दिशेने आणायची, परत दुमडायची, म्हणजे आकसायला जागा राहते. नाहीतर सरळ तुकडे कापून एकावर एक अर्धे चढवत लाव, लहान मुलांना तेच बरं पडतं. वरून ट्युब्युलर बँडेज (मोज्यासारखं नळीचं बँडेज) आणि जुना पायजमा, कारण पेस्ट बाहेर येतेच. सकाळी ओढून काढू नकोस, कोमट पाण्यात पाय बुडवून ठेव, आपोआप सुटते. वास इक्थॅमॉलचा आहे, नुसत्या झिंकचीही पट्टी असते, नर्सला विचार. आणि सासूबाईंना सांग की कातडी जाड झालीय ती खाजवून खाजवूनच, पट्टीने नखं तिथे पोचत नाहीत आणि ओलावा आत राहतो, निम्मं काम तिथेच होतं.

सिस्टर_पुणे
स्टेरॉइडचं नर्सला विचारल्याशिवाय अजिबात करू नका ताई, झाकलेल्या त्वचेत ते कितीतरी जास्त शोषलं जातं, कोणतं मलम आणि किती दिवस हे त्यांनीच ठरवायचं. जागा चिघळली असेल, पिवळी खपली किंवा पू दिसत असेल तर पट्टी बांधायचीच नाही. ताप आणि बारीक पाण्याचे फोड एकत्र आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते हर्पीस (विषाणूचा संसर्ग) असू शकतं आणि इसबाच्या त्वचेवर झपाट्याने पसरतं. पट्टीतल्या प्रिझर्वेटिव्हची कुणाकुणाला अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे खाज उलट वाढली तर काढून टाका. अजून एक, मलम मुरलेले कपडे आणि पट्ट्या पटकन पेट घेतात, तेव्हा गॅस आणि समईपासून पोराला लांब ठेवा.

सांगलीकर
वडिलांना व्हेरिकोज व्हेन्समुळे नडगीवर इसब होता, त्यांना झिंकचीच पट्टी बांधत, हॉस्पिटलात उन्ना बूट म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या हँबर्गच्या डॉ. उन्नांच्या नावावरून. पण मोठ्या माणसाच्या पायाला घट्ट बांधण्याआधी धमन्यांचा रक्तपुरवठा तपासतात, आमच्याकडे आधी डॉपलर (रक्तप्रवाह बघायची तपासणी) केला होता. कुणी आजोबांसाठी वाचत असेल तर हे आधी करून घ्या.

मुग्धा_लेस्टर
खूप आभार सगळ्यांचे. आज तुकडे कापूनच बांधते, आणि वासाचं आणि स्टेरॉइडचं दोन्ही उद्या क्लिनिकला फोन करून विचारते.