मदत हवी आहे: उन्हाळ्यात डोळे चोळणारी पोरं आणि आम्हा ऑप्टोमेट्रिस्ट लोकांचं पुढचं शिक्षण

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी व्हिजन सेंटर सांभाळते. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, डॉक्टर नव्हे. नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. एरवी मी, एक मदतनीस आणि स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र). चष्म्याचे नंबर, मोतिबिंदूचे पेशंट शोधणं, शाळांमधली तपासणी हे हातातलं काम आहे. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. माघ सरला की डोळे चोळणारी पोरं यायला लागतात, ती मृग लागेपर्यंत येतच राहतात.

बहुतेक मुलगेच, पाच ते पंधरा वर्षांचे. "डोळं आल्यात" म्हणून आई घेऊन येते. पण घरात दुसऱ्या कुणाला काही नसतं, आणि गेल्या उन्हाळ्यातही असंच झालेलं असतं. कंड प्रचंड. चिपडं ओढलं तर तार निघते. उन्हात डोळा उघडत नाही. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मातकट झालेला आणि वरची पापणी उलटून पाहिली की आत फरसबंदीसारख्या गाठी. हे व्हर्नल, म्हणजे व्हीकेसी, उन्हाळ्यात उसळणारी डोळ्यांची अ‍ॅलर्जी, एवढं मला ओळखता येतं.

खरी अडचण आईच्या पिशवीतून निघणाऱ्या बाटलीची आहे. बहुतेक वेळा क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब. "मागं डॉक्टरनी दिलं हुतं, घातलं की दोन दिसात बरं वाटतं, मग मेडिकलमधनं परत आणतो." या मोसमात एक मुलगा नुसता चष्म्याचा नंबर काढायला आला होता. त्याच्या डोळ्याचा दाब एनसीटीवर (फुंकर मारून दाब मोजणाऱ्या यंत्रावर) ३४ भरला, म्हणजे फारच जास्त. दुखत नव्हतं, दिसण्याची तक्रारही फारशी नव्हती. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, उपचार सुरू आहेत. पण पाठवण्याआधीच्या पाच मिनिटांत त्या आईला नेमकं काय सांगायचं, हे मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलेलं नाही.

वर्ग मी भरपूर करते. प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली आहे. त्यात मायोपिया कंट्रोल, प्रोग्रेसिव्ह लेन्स, काँटॅक्ट लेन्स, म्हणजे ज्यात कुणाचा तरी माल विकायचा आहे ते सगळं येतं. अ‍ॅलर्जीवरचा एक मिळाला, तर त्यात मास्ट सेलची (अ‍ॅलर्जी भडकवणाऱ्या पेशींची) चित्रं आणि शेवटी एका नव्या थेंबाची जाहिरात. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर कायद्यात आपला व्यवसाय आला, उद्या नोंदणीबरोबर अशा वर्गांचे पॉइंटही लागतील. पण मला पॉइंटपेक्षा हे शिकायचं आहे: औषध लिहिण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने अशा मुलाचं काय करावं, कधी थांबावं, कधी त्याच दिवशी गाडीत बसवावं? फुकट किंवा स्वस्तात कुठे शिकता येईल?

चाळिशीचा चष्मा (नेत्रतज्ज्ञ, पुणे)

ताई, प्रश्न आवडला. आम्हा डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ३० पॉइंट लागतात. त्यासाठी डॉक्टरांच्या संमेलनाला जाऊन सही करून जेवणाच्या रांगेत उभे राहणारेही मी पाहिलेत. तेव्हा पॉइंट आणि शिक्षण यांची गल्लत तुम्ही करत नाही, हे बरंच आहे.

आधी आईला काय सांगायचं ते. "थेंब वाईट आहेत, फेकून द्या" असं म्हणू नका. एकदम बंद केले की डोळा उसळतो, आणि ती दुसऱ्या दुकानातून तेच आणते. स्टिरॉइड शत्रू नाही. व्हर्नल भडकलं की आम्हीही फ्लुरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल देतो, पण थोडे दिवस, कमी करत आणि दाब मोजत. सांगा की या बाटलीने कंड जाते, पण महिनोन्महिने घातली तर डोळ्याचा दाब चढतो, तो कळत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतिबिंदूही होतो. मुलांमध्ये दाब मोठ्यांपेक्षा लवकर चढू शकतो.

रोजचा आधार म्हणजे ओलोपाटाडीनसारखे अ‍ॅलर्जीचे, स्टिरॉइड नसलेले थेंब. ०.१ टक्क्याचे दिवसातून दोनदा, ०.२ टक्क्याचे एकदा. ते कंड सुटल्यावर घालायचे नसून मोसमभर नेमाने घालायचे असतात, आणि हे समजावणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. चिवट केसमध्ये सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्याचं मलम येतं. त्यामुळे स्टिरॉइडची गरज कमी होते. सुरुवातीला ते झोंबतं, म्हणून आया सोडून देतात. एवढं आधी सांगितलंत तरी निम्मी लढाई जिंकलीत.

फ्लुरोसिनची (जखम रंगवून दाखवणारी) पट्टी प्रत्येक व्हर्नलला लावा. बुबुळाच्या वरच्या भागात अंडाकृती जखम दिसली तर ती शील्ड अल्सर, त्याच दिवशी पाठवा. आणि तुमच्याकडे एक हत्यार आहे जे माझ्या ओपीडीत घाईत राहून जातं: रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायचं साधन. डोळे चोळणाऱ्या मुलाच्या चष्म्याचा सिलिंडर नंबर दर खेपेला वाढतोय, सिझर रिफ्लेक्स (कात्रीसारखी उघडमीट करणारी चमक) दिसतोय, तर केरॅटोकोनसची (बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होण्याची) शंका घ्या आणि टोपोग्राफीला, म्हणजे बुबुळाच्या आकाराच्या तपासणीला पाठवा. लवकर सापडला तर क्रॉस-लिंकिंग (बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) करून थांबवता येतो, पण त्याआधी चोळणं थांबायला हवं.

शिकण्याबद्दल: ऑर्बिस या नेत्रसेवा संस्थेच्या सायबरसाइट या संकेतस्थळावर फुकट अभ्यासक्रम आणि व्याख्यानं आहेत, प्रमाणपत्रही मिळतं. पण खरं शिक्षण हवं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या मुख्य रुग्णालयाच्या कॉर्निया ओपीडीत आठवडाभर बसायची परवानगी मागा. पापण्या उलटून उलटून जे कळतं ते पडद्यावर कळत नाही.

औषधवाला

डॉक्टरसाहेब, मेडिकलवाल्यांची बाजूही ऐका. स्टिरॉइडचे थेंब शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, मान्य. पण गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊनच येतं, फक्त ती मागच्या वर्षीची असते. तिच्यावर किती दिवस घालायचं हे लिहिलेलं नसतं. 'अमुक तारखेनंतर बंद' असं मराठीत लिहिलं तर मला नाही म्हणायला आधार मिळतो. आणि डोळे पांढरे करणाऱ्या नाफाझोलिनच्या थेंबांबद्दलही कुणीतरी बोला. तेही खपतात, आणि सोडले की डोळे आणखी लाल होतात म्हणून पुन्हा मागायला येतात.

वऱ्हाडी आई

माझ्या मुलाला सहा वर्षांचा असल्यापासून आहे. अकोल्याचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे उपयोग झाला तो मोठ्या काठाची टोपी, गॉगल आणि शाळेतून आल्यावर गार पाण्याच्या घड्या यांचा. थेंब फ्रिजमध्ये ठेवले की गारव्यानेच त्याला निम्मं बरं वाटतं. गुलाबपाणी, तूप, मध सगळं सासरी सुचवून झालं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली. आणि शाळेत सांगून ठेवा, नाहीतर "साथ आली" म्हणून पोराला घरी पाठवतात.

थेम्सकाठचा मराठी

मी इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. इथे जनरल ऑप्टिकल कौन्सिल तीन वर्षांत ३६ पॉइंट मागते. स्वतः औषध लिहिण्याची पात्रता घेतली असेल तर वर आणखी १८. तो अधिकार इथे २००८ मध्ये आला, वेगळं शिक्षण आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम केल्यावरच मिळतो. गवताच्या परागकणांचा इथला मोसम मे ते जुलै. पण बहुतेक साधी अ‍ॅलर्जी, तुमच्यासारखं व्हर्नल क्वचित. या बाबतीत तुम्ही एका उन्हाळ्यात जे पाहता ते मी अख्ख्या नोकरीत पाहणार नाही.

इथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: सहकाऱ्यांनी जमून केसेसवर चर्चा करणं. आसपासच्या तालुक्यांतले पाच-सहा ऑप्टोमेट्रिस्ट आणि एक नेत्रतज्ज्ञ असा गट करा, महिन्याला दोन केस घ्या. नाव आणि चेहरा झाकून फोटो टाका. खर्च शून्य.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सांगली-सोलापूर पट्ट्यात कुणी गटात यायला तयार असेल तर निरोप करा. औषधवाल्या दादांची तारखेची सूचना आमच्या डॉक्टरांना उद्याच सांगते.

एक उरलेली शंका: पोरं एनसीटीच्या फुंकरीला दचकतात आणि डोळे घट्ट मिटतात. मग दाब खोटाच जास्त येतो. किती आला तर धावपळ करायची?

चाळिशीचा चष्मा

आधी फुंकर त्याच्या हातावर मारून दाखवा, मग डोळ्यावर. तीनदा घ्या. पापणी धरायची वेळ आली तर बोट हाडावर ठेवा, डोळ्यावर दाबू नका. स्टिरॉइडचा इतिहास असलेल्या मुलात शांतपणे घेतलेला दाब २१ च्या वर येत राहिला तर त्याच आठवड्यात पाठवा, ३० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी फोन करा. दाब ठीक असला तरी वर्षभर स्टिरॉइडचे थेंब घालणाऱ्याची डोळ्यामागची नस एकदा तपासून घ्यायला पाठवाच. आणि पाठवताना बाटली सोबत द्या, रिकामी असली तरी. "पांढऱ्या झाकणाचं औषध" एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही.