मदत हवी आहे: रेकॉर्डवरची बुरशी स्पिरिटने पुसू का?

पेटीवाला: आजोबांच्या रेकॉर्ड गावाहून आणल्यात. बुरशीचे पांढरे डाग आहेत. व्हिडिओत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, मी बाटली आणून ठेवलीये. पाणी किती मिसळायचं? रविवारी आजीला ऐकवायच्यात, लवकर सांगा.

सुरेल: थांबा! ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) की एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या, नंतरच्या)?

पेटीवाला: काळ्या, प्लास्टिकच्या. प्रमाण सांगा ना.

सुरेल: त्यावरच तर सगळं अवलंबून आहे. एलपी पीव्हीसीच्या, म्हणजे कारखान्यात बनलेलं प्लास्टिक. ७८ची रेकॉर्ड लाखेची: लाखेच्या किड्याचा राळेसारखा स्राव, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्येच, म्हणजे अल्कोहोलमध्येच विरघळवतो. तेच तुमच्या रेकॉर्डचं होईल, खाचा बुजतील.

जुनाजाणता: मी वर्षानुवर्षं अल्कोहोलच वापरतोय. काहीही होत नाही.

सुरेल: तुमच्या एलपी असणार.

जुनाजाणता: हो, पण नियम एकच. आणि लाखेला प्लास्टिक कोण म्हणतं?

रसायनी: मी म्हणतो. तापवली की मऊ होते, साच्यात दाबली की आकार धरते, गार झाली की कडक. हेच तर प्लास्टिकचं लक्षण. उलट १९०७चं बेकलाइट पूर्ण कृत्रिम, पण एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. नैसर्गिक-कृत्रिम हा फरक उगमाचा. काय कशात विरघळतं ते रेणूंवर ठरतं.

हिरवळ: नैसर्गिक ते केव्हाही चांगलं. मक्यापासूनच्या पिशव्या वापरा सगळ्यांनी.

रसायनी: त्यातलं पीएलए, म्हणजे मक्यापासूनचं प्लास्टिक, नीट कुजायला साठेक अंश उष्णता लागते. परसातल्या खड्ड्यात ते तसंच पडून राहतं. पण तो वेगळा धागा काढा.

खरेदीदार: विकणार का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेटीवाला: विकायच्या नाहीत! बहुतेक जड आहेत, एका बाजूला एकच गाणं. दोन मोठ्या, वाकवल्या तर किंचित वाकतात.

सुरेल: जड त्या ७८च्या, वाकवून बघू नका, तुकडे होतील. सालावरून ठरवू नका, एलपी १९४८ला आली तरी आपल्याकडे साठच्या दशकातही ७८च्या निघत होत्या. मास्क लावून बाहेर मऊ ब्रशने बुरशी झाडा. मग डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल पुसा. मधला कागद कोरडा ठेवा, भिजत घालू नका. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि सावलीत उभ्या वाळवा.

जुनाजाणता: त्यापेक्षा सगळं डिजिटल करून घ्या.

सुरेल: प्लेअरवर ७८चा वेग आहे का? आणि सुई कुठली? ७८ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते.

पेटीवाला: वेग आहे. सुईवर काहीच लिहिलेलं नाही. फोटो टाकतो, बघून सांगा.