मदत हवी आहे: हेवी ड्युटी पिकअप घ्यायचाय, विक्रीचे आकडे नेमके कसे वाचायचे?

मंडळी, नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, पण आमच्यासाठी ही आयुष्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी खरेदी आहे, म्हणून सगळं सांगूनच विचारते.

आम्ही टेक्सासमध्ये केटीजवळ राहतो. शनिवार-रविवार नवरा आणि मी फूड ट्रेलर चालवतो. वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा. ट्रेलर ओढायला आत्तापर्यंत हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला पिकअप होता. गेल्या महिन्यात ऑस्टिनच्या पश्चिमेला टेकड्यांच्या भागात एका जत्रेला निघालो होतो. एका उतारावर ट्रेलर मागून रेटायला लागला आणि ब्रेकचा जळका वास आत आला. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. दहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

परतताना ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. भरलेला ट्रेलर ९,२६० पौंड, म्हणजे साधारण ४,२०० किलो. त्यातला हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडतो त्या कडीवर, येणारा भार १,१५० पौंड. शिवाय आम्ही दोघं, मागे जनरेटर, बटाट्याची चार पोती. पिकअपवर पडणाऱ्या भाराची बेरीज १,८८० च्या घरात गेली, आणि गाडी किती भार पेलू शकते ते सांगणारं दाराच्या चौकटीवरचं स्टिकर म्हणतं १,४८०. दोन वर्षं आम्ही चारशे पौंड जादा घेऊन फिरत होतो आणि मला पत्ता नव्हता. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

तेव्हा आता थ्री-क्वार्टर टन किंवा वन टन, म्हणजे हाफ-टनच्या वरचे हेवी ड्युटी वर्ग, यातलं घ्यायचं ठरलंय. या वर्गात पर्याय फोर्ड सुपर ड्युटी, रॅम २५००/३५०० आणि जनरल मोटर्सचे दोन, शेव्ही (शेव्हरोले) सिल्व्हेराडो एचडी आणि जीएमसी सिएरा एचडी (एचडी म्हणजे हेवी ड्युटी). माझे दीर म्हणतात, "वहिनी, डोळे झाकून फोर्ड घ्या. सगळ्यात जास्त खपतो, लोक काय वेडे आहेत का?" मी आठवडाभर एका ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे आकडा समोर आला की त्यात काय काय मिळवलंय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गेले तीन रविवार त्यातच गेले.

एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा पिकअप आहे, हे खरंच. २०२३ मध्ये ७,५०,७८९ गाड्या. पण फोर्डच्या तक्त्यात ही एकच ओळ आहे. हाफ-टन एफ-१५० त्यातच, विजेवर चालणारी लाइटनिंग त्यातच आणि मला हवी ती सुपर ड्युटीही त्यातच. त्याच वर्षी सिल्व्हेराडो ५.५५ लाख आणि सिएरा २.९६ लाख. या दोन गाड्या आतून जवळजवळ सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची बेरीज केली की ८.५१ लाख होते आणि जनरल मोटर्स फोर्डच्या लाखभर पुढे जाते. मग पहिला कोण? दोघंही जाहिरातीत पहिले, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

रॅमचं तर चित्र वर्षागणिक बदलतं. २०१९ मध्ये ६.३४ लाख विकून त्यांनी सिल्व्हेराडोला (५.७५ लाख) मागे टाकलं. २०२३ मध्ये ४.४५ लाख, २०२४ मध्ये ३.७३ लाख. एका वर्षात सोळा टक्के घट. पण ती हाफ-टनमध्ये किती आणि हेवी ड्युटीत किती, हे 'रॅम पिकअप' या एका ओळीतून कळत नाही. आणखी एक गोष्ट मला हिशेबनीस म्हणून फार खटकली. या ब्रँडची तेव्हाची मालक कंपनी एफसीए यूएस हिने २०१२ ते २०१६ मध्ये मासिक विक्रीचे आकडे फुगवून सांगितले, म्हणून २०१९ मध्ये शेअर बाजार नियामकाकडे ४ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं होतं.

तर जाणकारांनो, या आकड्यांवरून माझ्यासारख्या गिऱ्हाइकाने काय धरायचं? फक्त हेवी ड्युटीचा खप कुठून कळतो? आणि डिझेल की पेट्रोल? आमचं फिरणं बहुतेक वीस-तीस मैलांचं, लांबचा पल्ला महिन्यातून एकदा.

---

प्रतिसाद १ (मिशिगनहून)

ताई, आधी तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि वजन केलंत, हे फार चांगलं केलंत. इथे वर्षानुवर्षं काटा न बघता ओढणारे पुष्कळ आहेत.

मी सुट्या भागांच्या कंपनीत आहे, त्यामुळे हे आकडे आमच्या रोजच्या जेवणात असतात. जनरल मोटर्स आपल्या तिमाही तक्त्यात एलडी (लाइट ड्युटी, म्हणजे हाफ-टन) आणि एचडी वेगळं दाखवते, तिथून सुरुवात करा. पण खप म्हणजे मागणी असं धरू नका. हेवी ड्युटीत खप बहुतेक वेळा कारखाना किती काढू शकला ते सांगतो. एफ-सिरीज २०१९ मध्ये ८.९६ लाख होती, २०२२ मध्ये ६.५४ लाख. अडीच लाख लोकांचं मन उडालं का? नाही. गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप नव्हत्या. २०२१ मध्ये केंटकी स्पीडवे या रेसिंग ट्रॅकच्या पार्किंगमध्ये हजारो सुपर ड्युटी चिपची वाट बघत रांगेने उभ्या होत्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वाहन कामगारांचा संप सुपर ड्युटी बनवणाऱ्या लुइव्हिलच्या केंटकी ट्रक प्लांटपर्यंत पोचला आणि ८,७०० कामगार बाहेर पडले. पुढे २०२४ मध्ये फोर्डने कॅनडातल्या ओकव्हिललाही सुपर ड्युटी बनवायचं जाहीर केलं, कारण आहेत ते कारखाने पूर्ण क्षमतेने चालूनही पुरत नव्हते. मला विचाराल तर मागणीचा पुरावा हा आहे, वर्षाअखेरची बेरीज नव्हे.

दुसरं, या गाड्या घेतं कोण ते बघा. सुपर ड्युटीच्या खपात नुसत्या चेसिसवर (मागचा भाग नसलेल्या सांगाड्यावर) गेलेल्या गाड्या पुष्कळ असतात: रुग्णवाहिका, टो ट्रक, वीज कंपन्यांच्या शिडीच्या गाड्या. ठेकेदार पन्नास गाड्या एकदम उचलतो, तेव्हा तो दुरुस्तीचा करार आणि घाऊक भाव बघतो. त्याची निवड चांगलीच असेल, पण ती त्याच्या गरजेची.

---

प्रतिसाद २ (कोलंबस, इंडियाना)

नमस्कार ताई. मी मूळचा पुण्याचा, कोथरूडचा. इंजिनाच्याच धंद्यात इथवर आलो. आमच्या गावात कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे आणि रॅममधलं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन इथेच वॉल्सबरोच्या कारखान्यात बनतं, म्हणून थोडं सांगतो.

कंपनी जे वेगळं करून सांगत नाही ते कधीकधी सरकारी कागद सांगतो. २०२३ च्या डिसेंबरात धुराच्या नियमांवरून कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या प्रकरणात अमेरिकेच्या न्याय खात्याने हे इंजिन असलेल्या गाड्यांची संख्या दिली होती: २०१३ ते २०१९ मॉडेलच्या ६.३ लाख आणि २०१९ ते २०२३ च्या ३.३ लाख, सगळ्या रॅम २५०० आणि ३५००. बेरीज ९.६ लाख. अकरा मॉडेल वर्षांत वाटली तर वर्षाला सुमारे ८७ हजार डिझेल. म्हणजे रॅमच्या एकूण खपात हेवी ड्युटी डिझेल पाचात एक, किंवा थोडं कमीच. तुमच्या दिरांना ही बेरीज दाखवा. ज्या आकड्यावर भांडण चाललंय त्यातला बराच मोठा भाग तुम्ही घेणार ती गाडीच नाही.

हीच युक्ती रिकॉलला, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या दुरुस्तीला परत बोलावते त्याला, लावा. नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक रिकॉलमध्ये मॉडेल, वर्षं आणि किती गाड्या हे लिहिलेलं असतं. एका संध्याकाळीत तिन्ही ब्रँड बघून होतील.

आता तुमच्या प्रश्नाचं. माझी भाकरी डिझेलवर आहे, तरी सांगतो, वीस-तीस मैलांच्या फेऱ्यांना डिझेल घेऊ नका. धुराच्या गाळणीतली काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, गाळणी तुंबते आणि गाडी सारखी सर्व्हिसला न्यावी लागते. वर दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजायचे. तुमच्या वजनाला पेट्रोल व्ही-८ पुरेसं आहे.

---

प्रतिसाद ३ (डॅलसहून)

फक्त एकच. घराजवळच्या तिन्ही डीलरना फोन करून विचारा: मंगळवारी गाडी आणली तर हात कधी लावाल? आमच्याकडे एकाने दोन दिवस सांगितले, एकाने पाच आठवडे. शनिवारी धंदा असेल तर हाच आकडा बघायचा.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. कोलंबसचे दादा, तुम्ही स्वतःच्या कामाच्या विरुद्ध जाऊन खरं सांगितलंत, हे मी विसरणार नाही.

काल नवऱ्याबरोबर डीलरच्या आवारात जाऊन आले. विक्रेता खपाचं सांगत होता, मी दारं उघडून स्टिकर वाचत होते. शेजारी शेजारी दोन थ्री-क्वार्टर टन उभ्या होत्या, ब्रँड एकच, केबिन सारखीच. पेट्रोलवालीवर ३,१०० पौंडांच्या वर, डिझेलवालीवर २,२०० च्या आसपास. डिझेल इंजिनच एवढं जड आणि गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा दोन्हींना १०,००० पौंडच, म्हणून आपल्या सामानाची जागा इंजिनानेच खाल्लेली. आमच्या १,८८० ला डिझेल तांत्रिकदृष्ट्या चाललं असतं, पण उद्या फ्रायर वाढवला की पुन्हा तीच गत.

दिरांना ९.६ लाखांची बेरीज पाठवली. त्यांचा फोन आला, म्हणाले वहिनी, काट्यावरची पावती पण पाठवा, माझ्या बोटीच्या ट्रेलरचं वजन मी कधी केलंच नाहीये.

पेट्रोल थ्री-क्वार्टर टन हे नक्की झालं. तीन डीलरना उद्या फोन लावते. एकच शंका उरली: केटी, शुगरलँड भागात ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक तपासून देणारं कुणी भरवशाचं माहीत आहे का? उताराची धास्ती अजून गेलेली नाही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच रस्त्याने जायचं आहे.