मदत हवी आहे: संगणकाचं घड्याळ रोज मागे पडतंय

परभणीत घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी घड्याळ १०-१२ मिनिटं मागे. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) तीच वेळ, म्हणजे विंडोजचा दोष नाही. टाइम झोन चुकला असता तर फरक पाव तासाच्या पटीत आला असता.

प्लग बंद असताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल नवीन टाकला. पहिल्या दिवशी ३.१ व्होल्ट, पंधरा दिवसांत २.६! हा सेल वर्षानुवर्षं टिकायला हवा, कारण घड्याळाला जेमतेम काही मायक्रोअँपिअर लागतात. नुसतं शटडाउन करून प्लग चालू ठेवला तर मात्र वेळ अचूक राहते. तेव्हा घड्याळाला एसएमपीएसच्या (संगणकाचा पॉवर सप्लाय) स्टँडबाय ५ व्होल्टांतून वीज मिळते, म्हणून क्रिस्टलवर (घड्याळाचा ठोका देणारा भाग) माझा संशय नाही. पण लोडशेडिंगमध्ये तेवढाही आधार जातो.

सेलच्या खोबणीची पत्ती हिरवट झाली होती, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासली. फरक नाही.

आता सेलला मालिकेत मल्टिमीटर लावून विजेची गळती मोजणार आहे. प्लग काढून किती मायक्रोअँपिअरपर्यंत ठीक समजायचं? गळती जास्त निघाली तर आधी सेलजवळचा डायोड बघू की कपॅसिटर? बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांनी कृपया सांगा.