कमी तासांच्या पायलटला जंप पायलटची नोकरी (अमेरिका): अनुभव लिहा

कमर्शियल लायसन्स मिळालंय, लॉगबुकात २५०-३०० तास आहेत आणि एअरलाइनला १,५०० लागतात. इन्स्ट्रक्टर व्हायचं नसेल तर स्कायडायव्हरना वर नेऊन सोडणं हा तास जमवण्याचा चांगला मार्ग आहे. अमेरिकेत शिकायला आलेली मराठी मुलंमुली याबद्दल वारंवार विचारतात. हे काम केलेल्यांनी आणि पायलट नेमणाऱ्यांनी उपयोगाचं तेवढं लिहावं.

सेसना १८२ चा पायलट, इलिनॉय

आधी कागदपत्रं. कमर्शियल, सेकंड क्लास मेडिकल आणि हाय-परफॉर्मन्स एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात दिलेली परवानगीची नोंद); २०० हॉर्सपॉवरच्या वर ते लागतं आणि १८२ ला सहसा २३० चं इंजिन असतं. प्रायव्हेट लायसन्सवर ‘पैसे नकोत, फक्त तास द्या’ हे चालत नाही, एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) त्या तासांनाही मोबदलाच मानते.

टेकऑफच्या विमानतळापासून २५ मैलांच्या आत, मध्ये कुठे न उतरता केलेली जंप फ्लाइट पार्ट १३५ मध्ये (चार्टर विमानांच्या कडक नियमांत) मोडत नाही. तरीही ‘५०० तासवाला हवा’ असं ऐकायला मिळतं, कारण ती अट बहुतेकदा विमा कंपनीची असते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: पॉलिसीत एकूण तास किती आणि १८२ वरचे किती? फक्त १८२ वरचे कमी पडत असतील तर विमान भाड्याने घेऊन तेवढे भरून काढता येतात.

ड्रॉप झोन (स्कायडायव्हिंगचं ठिकाण) चालवणारी, मिशिगन

आमच्याकडे हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पायलट फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवावे लागतात, मे महिन्यात आलेला अर्ज उशिराचा. यूएसपीए या अमेरिकी पॅराशूट संघटनेच्या संकेतस्थळावर सदस्य ड्रॉप झोनची यादी आहे. त्यात एक-दोन १८२ वर चालणारी लहान ठिकाणं शोधा. ईलॉय (ॲरिझोना), पेरिस (कॅलिफोर्निया) यांसारख्या मोठ्या ठिकाणी ट्विन ऑटर ही दोन इंजिनांची मोठी विमानं उडतात, तिथे सुरुवात होणं अवघड. आणि ईमेलवर विसंबू नका. शनिवारी सकाळी प्रत्यक्ष या, लोड (एका फेरीतले जंपर) कसे भरतात ते बघा.

मी उमेदवाराला कागदावर वजन आणि बॅलन्स काढायला लावते. जंपरचं वजन रिगसकट (पाठीवरच्या पॅराशूटसकट) धरलं नाही तर बोलणं तिथेच थांबतं. तुम्हीही विचारा: पैसे लोडमागे की दिवसाचे, पावसात काय, ट्रेनिंग कोण देणार, १०० तासांच्या तपासणीची नोंद दाखवाल का? ‘दोन लोड बघ आणि तिसरा एकट्याने ने’ म्हणणाऱ्या मालकाकडे काम घेऊ नका, तास कितीही मिळोत.

जंप पायलटना शिकवणारा, फ्लोरिडा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. लायसन्सच्या ट्रेनिंगमध्ये न शिकवलेला भाग जंप रनचा, म्हणजे उड्या मारताना विमान सरळ ठेवण्याच्या टप्प्याचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर.

१८२ मध्ये पायलटची सीट तेवढी उरते, चौघं जंपर विमानाच्या फरशीवर बसतात आणि प्रत्येकाला पट्टा लागतोच. जंप सुरू होण्याच्या किमान ५ मिनिटं आधी एअर ट्रॅफिक कंट्रोलशी रेडिओ संपर्क हवा. १०,००० फुटांच्या खाली ढगांपासून २,००० फूट आडवं अंतर, १०,००० फुटांच्या वर १ मैल. ‘ढगात भोक दिसतंय, सोड’ हा आग्रह मानायचा नाही.

जंप रनला १० अंश फ्लॅप, पॉवर कमी, वेग ७०-७५ नॉटच्या आसपास. नेमका आकडा त्या विमानाचा घ्या. दार उघडलं की जंपर पायरीवर आणि चाकावर पाय ठेवतात, म्हणून ब्रेक दाबून ठेवा, नाहीतर चाक फिरून माणूस घसरतो. बाहेर लटकलेल्या माणसांमुळे विमान उजवीकडे ओढलं जातं. मागे दार असलेल्या विमानात दाराशी गर्दी झाली की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीही मागे सरकतो. स्टॉलचा भोंगा वाजला तर लगेच नाक खाली. कोणी दारात असलं तरीही.

सर्वांत घातक म्हणजे दारात हँडल अडकून पॅराशूट शेपटीवर उघडणं. दार उघडण्याआधी सगळ्यांच्या पॅराशूटच्या पिन-हँडलची तपासणी झालीच पाहिजे. तुमच्या पाठीवरचं आपत्कालीन पॅराशूट नायलॉनचं असेल तर गेल्या १८० दिवसांत रिगरने (पॅराशूट पॅक करणाऱ्या परवानाधारकाने) पॅक केलेलं हवं.

उतरताना गरम इंजिनची पॉवर एकदम काढू नका. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनच्या पॉवरचं माप) थोडं थोडं कमी करा, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) बंद, मिक्स्चर हळूहळू रिच (इंधन जास्त). १८२ च्या ओ-४७० इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ पटकन धरतो, त्यामुळे दमट हवेत कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याचा) विसर नको. पॅराशूट ज्या बाजूला उघडतात तिथून खाली यायचं नाही.

सध्या ओपीटीवर

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी ओपीटीचं (शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या कामाच्या परवानगीचं) कार्ड हातात आल्याशिवाय काम सुरू करू नये. ओपीटी १२ महिन्यांची असते. हिवाळ्यात सुरू झाली आणि तुम्ही उत्तरेत असाल तर निम्मी वाया जाते, तेव्हा फ्लोरिडा किंवा ॲरिझोना बघा.

इलिनॉयवाला पुन्हा

दोन गोष्टी राहिल्या. हवाईत डिलिंगहॅमला २०१९ मध्ये जंपर घेऊन निघालेलं किंग एअर पडलं आणि ११ जण गेले. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने टेकऑफनंतरच्या आक्रमक मॅन्यूव्हरकडे बोट दाखवलं. मागे झुकलेला बॅलन्स आणि त्या विमानाचं अपुरं ट्रेनिंग ही जोड कारणं. लोकांना मजा वाटावी म्हणून जमिनीलगत वळवणं, वर खेचणं कोणी मागितलं तरी करू नका.

दुसरी गोष्ट इंधनाची. वजन वाचवायला टाक्या अर्धवट भरतात, पाठोपाठ लोड लागतात आणि भरायचं राहून जातं. गेजवर विश्वास न ठेवता काठीने दोन्ही टाक्या मोजा. दिवसा ३० मिनिटांचा राखीव साठा कायद्याने लागतोच, १८२ वर मी ४५ मिनिटांच्या खाली लोड घेत नाही. जंपर रांगेत उभे असले तरी आधी पंपावर.