विषय: पेट-सीटीसाठी निधी

नमस्कार मंडळी,
परवाच्या मीटिंगला बरेच जण नव्हते म्हणून इथे लिहितोय. यंदाचा निधी कॅन्सर हॉस्पिटलच्या पेट-सीटी मशीनला द्यायचं जवळपास ठरलंय. तिथे आत्ता नुसतं जुनं सीटी आहे. त्यात गाठ केवढी ते दिसतं, पण केमोनंतर उरलेली गाठ जिवंत आहे की नुसता व्रण राहिलाय हे बऱ्याचदा पेट स्कॅनमध्येच कळतं, कारण जिवंत गाठ जास्त साखर ओढते आणि त्यात चमकते. सढळ हाताने द्या.
– खजिनदार

दादा, माझं नाव पहिलं लिहा. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. बाबांच्या पेटला मी सोबत होते. रात्रीपासून उपाशी, सकाळी शुगर तपासली, मग ते किरणोत्सारी ग्लुकोजचं इंजेक्शन आणि तासभर ब्लँकेट गुंडाळून गप्प पडून राहायचं, हालचाल नाही, बोलणं पण नाही, कारण जे स्नायू हलतात तेही साखर ओढतात आणि मग नको तिथे चमकतं. एवढं सगळं करून आत नेलं आणि मशीन बंद. त्या औषधातलं फ्लोरिन-१८ साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, चार तासांनी पाव भागही उरत नाही, त्यामुळे उद्यासाठी ठेवू म्हणायची सोयच नाही. रांगेतल्या सगळ्यांचे डोस वाया. बाबा हातावरची पट्टी चोळत म्हणाले, "परत उपाशी राहायचं का गं?" पुढची तारीख नऊ दिवसांनी मिळाली, तोवर केमो बदलायची की तीच चालू ठेवायची हे डॉक्टरांना ठरवता येईना. ते नऊ दिवस आमच्या घरात कोणी नीट झोपलं नाही. म्हणून म्हणते, नुसतं मशीन नको, ते चालू राहील याचेही पैसे देऊया.

ताई, अगदी बरोबर बोललात. मी याच लाइनमध्ये आहे, रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी मशीनची चाचणी घेणं हेच माझं काम. सीटीची एक्स-रे ट्यूब झिजणारी वस्तू आहे, कधी ना कधी बदलावीच लागते, आणि मशीनवर नाव कोरून घ्यायला देणगीदार मिळतात, ट्यूबला मिळत नाहीत. दादा, पैसे पाठवायच्या आधी हॉस्पिटलला एवढं विचारा: वॉरंटी संपल्यावर मेंटेनन्सचा खर्च कोण उचलणार, डोस ज्या सायक्लोट्रॉनवरून (हे किरणोत्सारी औषध जिथे तयार होतं ते यंत्र) येणार तो गाडीने किती तासांवर आहे, आणि रिपोर्ट लिहायला न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे असे स्कॅन वाचणारा, डॉक्टर रोज असणार का. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणार असेल तर रांग तशीच राहील, फक्त स्कॅनऐवजी रिपोर्टची.

ताई, वाचून गलबलून आलं. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. फॉर्मवर आता दोन रकाने करतोय, एक मशीनचा, एक मेंटेनन्सचा, आणि मेंटेनन्सचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवू. ज्यांच्या कंपनीत मॅचिंग आहे, म्हणजे आपण देतो तेवढेच पैसे कंपनीही घालते, त्यांनी तो अर्ज सोबतच भरा, देणगी दुप्पट होते आणि दरवर्षी कितीतरी जण विसरतात. हे तिन्ही प्रश्न आजच हॉस्पिटलला लिहून पाठवतो. शनिवारी त्यांच्यासोबत कॉल आहे, तुम्ही दोघंही याच.
– खजिनदार