भीती वेगळी, धाक वेगळा

ख्रिस्ती धर्म नरकाची भीती घालूनच माणसं धरून ठेवतो, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. तशी प्रवचनं झालीच आहेत. १७४१ साली अमेरिकेत एनफिल्डला जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने सांगितलं की एखादा कोळी-किडा आगीवर धरावा तसं देवाने पाप्याला धरून ठेवलंय. लोक इतके रडू-ओरडू लागले की त्याला बोलणं थांबवावं लागलं.

पण बायबलच्या निर्गम या पुस्तकातलं २०:२० हे वचन काढून वाचा. सीनाय पर्वतावर गडगडाट, धूर, आणि इस्राएली लोक थरथरत लांब उभे. त्यांचा पुढारी मोशे म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच दमात म्हणतो, तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यापुढे असावं. एकाच वचनात दोन्ही! मूळ हिब्रूत दोन्हीकडे शब्दाचा धातूही एकच. पळवून लावणारी भीती नको, पण वाकडं पाऊल टाकताना अडवणारा धाक हवा. (आपल्याकडे भीती, धाक, दरारा असे वेगळे शब्द आहेत, म्हणून हे समजायला सोपं जातं.)

मध्ययुगातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनासने तर सरळ फोड केली: एक गुलामाचं भय, दुसरं मुलाचं. गुलाम माराला भितो. मुलाला भीती असते ती बापाचं मन दुखावण्याची, त्याच्यापासून तुटण्याची. प्रेम वाढेल तसं पहिलं ओसरतं आणि दुसरं, गंमत म्हणजे, वाढतं.

धर्मसुधारक मार्टिन लूथरचंही तेच. १५०५ मध्ये वादळात जवळच वीज कोसळली, त्या घाबरगुंडीत त्याने संन्यासी होण्याचा नवस केला. पण १५२९च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) बायबलमधल्या दहा आज्ञांचा अर्थ सांगताना 'देवाचं भय धरावं' याला लागूनच 'प्रीती करावी' येतं.